‘नाइट्रेट’चं ‘लाइट रेट’ होतं तेव्हा

जर्मनीत पीएच.डी. करत असताना आमच्या संशोधन गटात माझ्यानंतर वर्षभराने चंगतूचा, म्हणजे चीनच्या सिचुआन प्रांतातल्या शहरातला, एक मुलगा रुजू झाला. एकाच मार्गदर्शकाकडे आपल्याआधी आलेल्या मुलीला चिनी विद्यार्थी ‘शिज्ये’ म्हणतात. आपली गुरुभगिनीच, पण थोरली. पहिल्या दिवसापासून मी त्याची शिज्ये झाले आणि त्याच्या प्रत्येक सादरीकरणाची तालीम ऐकणं ओघाने माझ्याकडे आलं. त्या दोन-तीन वर्षांत जे हाती लागलं ते इथे लिहिते आहे. परदेशी लॅबमध्ये तुमच्या शेजारी चिनी सहकारी असण्याची शक्यता बरीच, आणि त्याच्या अडचणी ऐकता ऐकता आपल्या कितीतरी अडचणी सापडतात.

त्याचं इंग्रजी कच्चं नव्हतं. चीनमध्ये विद्यापीठातली मुलं चौथ्या आणि सहाव्या पातळीची इंग्रजी परीक्षा देतात. तो सहावी पास होता आणि शोधनिबंध माझ्यापेक्षा भरभर वाचायचा. पण त्या परीक्षेत बोलण्याचा भाग वेगळा आणि ऐच्छिक असतो, त्यामुळे तोंडाला सवय नव्हती. मराठी शाळेतून आलेल्या मला हे समजावून सांगायची कुणाला गरज पडली नाही.

भातशेतीतून झिरपणारं नाइट्रेट हा त्याचा विषय. गटापुढे तो पहिल्यांदा बोलला आणि दहा मिनिटांनी एका ज्येष्ठ सहकाऱ्याने विचारलं, “हा लाइट रेट म्हणजे नेमकं काय?” सिचुआनच्या बोलीत ‘न’ आणि ‘ल’ एकमेकांत मिसळतात. मूळ शब्दच हुकला, म्हणून ती दहा मिनिटं लोकांच्या हाती काही लागलंच नव्हतं. तो त्या दिवशी जेवायला आला नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही नाक चिमटीत धरून बसलो. नाक बंद केलं की ‘ल’ नीट निघतो, ‘न’ मात्र अडकतो. फरक कानाला कळत नसेल तर असा बोटांना कळतो. आठवडाभर रोज पाच मिनिटं, तेही फक्त त्याच्या विषयातल्या आठ-दहा शब्दांवर. सगळं इंग्रजी सुधारायच्या मागे लागू नका. तुमच्या भाषणात वीस-वीस वेळा येणारे शब्द धरा. शिवाय असा शब्द पहिल्यांदा येईल तेव्हा तो स्लाइडवर मोठ्या अक्षरात हवा. त्याकडे हात करायचा, थांबायचं आणि मग म्हणायचा. एकदा डोळ्यांनी वाचला की पुढे कान सांभाळून घेतात.

दुसरी गोष्ट शब्दांच्या शेपटांची. मँडरिनमध्ये, म्हणजे प्रमाण चिनीत, अक्षर स्वरावर संपतं, नाहीतर ‘न’ किंवा ‘ङ्’वर, बीजिंगकडे फार तर ‘र’. त्यामुळे ‘फील्ड’चं ‘फील’ होतं आणि ‘कॅन्ट’ ऐकू येतं ‘कॅन’सारखं, म्हणजे नकाराचा होकार होतो. यावर उपाय सोपा आहे: ‘कॅन्ट’ म्हणायचंच नाही, पूर्ण ‘कॅनॉट’ म्हणायचं आणि ‘नॉट’वर वजन टाकायचं. पुढचा शब्द स्वराने सुरू होत असेल तर शेपूट त्याला जोडून द्यायचं, ‘फील्ड एरिया’चं ‘फील-डेरिया’ असं. मग ते गळत नाही.

वजनाचा मुद्दा आपल्यालाही लागू आहे. मँडरिनमध्ये प्रत्येक अक्षराला आपला सूर असतो, मराठीत प्रत्येक अक्षर साधारण सारख्याच जोराने येतं. इंग्रजी ऐकणारा मात्र वाक्यातला जड शब्द शोधत असतो. आम्ही कागदावर प्रत्येक वाक्यातल्या एकाच शब्दाखाली रेघ मारायचो आणि तेवढा शब्द सावकाश, किंचित मोठ्याने म्हणायचो. उच्चार होता तसाच राहिला, पण लोकांना कळू लागलं. गोऱ्या माणसासारखं बोलण्याच्या खटपटीत कुणी वेळ घालवू नये असं मला मनापासून वाटतं. अशा खोलीत निम्म्या लोकांची मातृभाषा इंग्रजी नसतेच.

आकड्यांवर तर आमची खरी गट्टी जमली. चिनी मोजणी दहा हजारांच्या ‘वान’वर चालते आणि दहा कोटींचा एक ‘यी’. आपण लाख-कोटीत विचार करतो. म्हणजे बोलता बोलता दोघांनाही मनात गणित करावं लागतं. त्याच्याकडे उपग्रहचित्रातले बारा वान, म्हणजे 1,20,000 बिंदू होते. घाईत तो ‘ट्वेल्व्ह थाउजंड’ म्हणून गेला. स्लाइडवर एक, तोंडात दुसरं, आणि ऐकणाऱ्याचा विश्वास तिथेच डळमळतो. भाषणातला प्रत्येक मोठा आकडा इंग्रजी अक्षरांत लिहून काढा आणि फोन नंबरसारखा पाठ करा.

पाठ करायची गोष्ट निघालीच आहे म्हणून सांगते. चिनीत ‘बेई’ म्हणजे पाठ, शरीराची, आणि ‘बेई’ म्हणजेच पाठांतर करणं. हे त्याने सांगितलं तेव्हा मी त्याला ‘पाठ’ आणि ‘तोंडपाठ’ सांगितलं आणि आम्ही दोघं कितीतरी वेळ त्यावरच बोलत बसलो. पण सबंध भाषण तोंडपाठ करणं घातक आहे. एक शब्द निसटला की पुढचं सगळं जातं. त्याचं तसं माझ्यासमोर झालं आहे. सुरुवातीची चार वाक्यं, एका भागातून दुसऱ्यात जातानाची वाक्यं आणि शेवटचं वाक्य एवढंच पाठ असावं. मधलं स्लाइडकडे बघत, मोडक्यातोडक्या वाक्यांत आलं तरी चालतं. आठवायला थांबावं लागलं तर गप्प राहा. चिनी माणसाच्या तोंडी अशा वेळी ‘नेइगा, नेइगा’ येतं, आपल्या ‘म्हणजे, म्हणजे’सारखं, पण अमेरिकी कानांना ते कृष्णवर्णीयांसाठीच्या एका अत्यंत अपमानकारक शब्दासारखं ऐकू येतं. त्याला हे कुणीतरी आधीच सांगायला हवं होतं. तुमच्या सहकाऱ्याला तुम्ही सांगा, एकट्याला गाठून.

सुरुवात नम्रतेने करायची दोघांनाही सवय. ते ‘वीट टाकून जेड रत्न मिळवू पाहतो’ म्हणतात, आपण ‘चूकभूल द्यावी घ्यावी’. मायबोलीत हे शोभतं. इंग्रजीत ‘माझं इंग्रजी चांगलं नाही’ने सुरू केलं की लोक चुका मोजायला बसतात. त्याऐवजी पहिल्याच मिनिटाला निष्कर्ष सांगा. ‘यिनवेई’ आधी, ‘स्वोयी’ नंतर, म्हणजे कारणं आधी आणि ‘म्हणून’ शेवटी, ही त्याची मांडणी आम्ही उलटी केली. “पाणी कमी दिलं, नाइट्रेट घटलं, उत्पन्न घटलं नाही.” एवढं पहिल्या स्लाइडवर, बाकी सगळं त्याच्या मागून.

राहता राहिले प्रश्न. “तुम्ही तुलनेसाठी वेगळं शेत ठेवलं नव्हतं?” असं इंग्रजीत विचारलं आणि ठेवलं नसेल तर आपण म्हणतो “हो, नव्हतं”. चिनी माणूसही तसंच म्हणतो. इंग्रजी ऐकणारा तो ‘येस’ म्हणजे ‘ठेवलं होतं’ असा घेतो. म्हणून नकारार्थी प्रश्नाला नुसतं येस-नो कधीच नाही, क्रियापदासकट उत्तर द्यायचं. प्रश्न कळला नसेल तर आपल्या शब्दांत परत विचारायचा. त्यात कमीपणा नाही.

एप्रिलच्या सुमारास व्हिएन्नाला भूविज्ञानाची मोठी परिषद भरते. तिथे तो बोलला तेव्हा मी मुद्दाम शेवटच्या रांगेत बसले होते. पुढून एका बाईंनी नेमका तोच प्रश्न विचारला, नकारार्थीच. तो थांबला, श्वास घेतला आणि म्हणाला, “वी डिड. इन ऑल थ्री फील्ड्स.” शेवटचा ‘ड्स’ मला मागपर्यंत ऐकू आला.