भुसा ओढणारा पाइप पायात येऊ नये म्हणून

सँडर (लाकूड घासून गुळगुळीत करायचं यंत्र) चालवताना भुसा ओढणाऱ्या व्हॅक्यूमचा पाइप टेबलाच्या कडेला अडकतो, हात ओढला जातो आणि सँडर तिरका होऊन फळीवर गोल चरे पडतात. म्हणून पाइप जमिनीवरून नको, वरून आणा.

टेबलाच्या वर, डोक्याला लागणार नाही इतक्या उंचीवर, भिंतीपासून भिंतीपर्यंत 3 मिमीची स्टीलची वायर ताणा. एका टोकाला आयबोल्ट (डोक्याला गोल कडी असलेला बोल्ट), दुसऱ्याला टर्नबकल (फिरवून वायर ताणायचा स्क्रू). वायर सैल पडली की टर्नबकल फिरवून घट्ट करता येते. वायरवर सरकणारी कडी, कडीला स्कूटरवर सामान बांधायची रबरी दोरी आणि दोरीला पाइप.

दोरी थेट पाइपला मात्र बांधू नका. तिथे पाइप चेपतो, ओढ कमी होते आणि नेमका तिथेच भुसा तुंबतो. 4 इंची पीव्हीसी पाइपचा वीतभर तुकडा उभा चिरा, कडा घासून गुळगुळीत करा आणि ती अर्धगोल खोबण दोरीला टांगून तिच्यात व्हॅक्यूमचा पाइप टेकवा. वळण मोठं, सैल राहतं.

सँडरची केबल पाइपलाच दर फूटभर वेल्क्रोने बांधा. सँडरजवळ मात्र हातभर ढील ठेवा, नाहीतर ताण केबलच्या मुळाशी येऊन आतली तार तुटते.