आपल्या पालिकेचा कार्बनचा हिशेब कसा मांडायचा आणि त्यातून प्लॅन कसा काढायचा

वॉर्डाच्या मीटिंगला क्लायमेटचा विषय निघाला की पहिली सूचना हमखास येते, झाडं लावूया. लावा, जरूर लावा, पण शहरातून वर्षाला किती कार्बन बाहेर पडतो आणि नेमका कुठून पडतो हे कागदावर आलेलं नसेल तर पालिका जे ठरवेल ते सगळं अंदाजपंचेच होणार. पणजीची महानगरपालिका आणि १३ नगरपालिका, एवढाच गोव्याचा शहरी पसारा. म्हापसा, फोंडा, डिचोली एवढ्या शहरात पंप किती, मार्केट कुठे, कचऱ्याची गाडी जाते कुठे हे सगळ्यांना तोंडपाठ असतं, त्यामुळे हा हिशेब मोठ्या शहरांपेक्षा आपल्याला सोपा आहे असं मला मनापासून वाटतं.

सुरुवात घरच्या बिलांनी करा, म्हणजे आकड्यांची भीती जाते. विजेच्या एका युनिटमागे साधारण ०.७ किलो सीओटू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड (केंद्रीय वीज प्राधिकरण हा आकडा दरवर्षी काढतं, ताजा घ्या), पेट्रोलच्या लिटरमागे २.३ किलो, डिझेलच्या लिटरमागे २.७ आणि घरगुती १४.२ किलोच्या सिलिंडरमागे जवळपास ४२ किलो. मी जेवणाच्या टेबलावर बिलं पसरून बसले तेव्हा एका महिन्याचे २४० युनिट म्हणजे १६८ किलो निघाले, दीड महिना पुरणाऱ्या सिलिंडरचे महिन्याला २८, आणि दोन स्कूटरच्या २० लिटर पेट्रोलचे ४६. मला तोवर वाटायचं की आपला सगळा धूर स्कूटरचाच, आणि इथे वीजच दोन तृतीयांशाच्या वर गेली. मुंबईने २०२२ मध्ये क्लायमेट प्लॅन काढला त्यातही हेच दिसतं, २०१९ च्या हिशेबात ७२ टक्के वाटा विजेचा आणि इमारतींत, कारखान्यांत जळणाऱ्या इंधनाचा, वाहतूक २० टक्के, कचरा ८.

आता शहराचं. यासाठी जगभर वापरतात ती पद्धत म्हणजे जीपीसी, शहरांनी कार्बनचा हिशेब कसा लिहायचा याचे ठरलेले नियम, २०१४ मध्ये आली, डब्ल्यूआरआय ही संशोधन संस्था आणि सी४० व इक्ली ही शहरांची नेटवर्क्स या तिघांनी मिळून केली. त्यात तीन स्कोप, म्हणजे तीन खाती असतात. हद्दीच्या आत जे जळतं तो स्कोप १: गॅस, पेट्रोल, हॉटेलचा जनरेटर. बाहेरून आलेली वीज स्कोप २, आणि गोव्यात हा भाग फार महत्त्वाचा, कारण आपली बरीच वीज छत्तीसगडच्या कोरबा आणि मध्य प्रदेशातल्या विंध्याचलच्या कोळशावर येते, म्हणजे पंखा इथे फिरतो आणि धूर तिथे निघतो, तरी खातं आपलं. स्कोप ३ म्हणजे आपल्यामुळे पण हद्दीबाहेर, उदाहरणार्थ तुमचा कचरा साळगावच्या कचरा प्रक्रियेच्या प्लांटला जात असेल तर तो तुमच्याच नावावर लिहायचा, गाडी हद्दीबाहेर गेली म्हणून हात झटकायचे नाहीत.

डेटा कुठून? वीज खात्याच्या सब-डिव्हिजनकडून घरगुती, व्यापारी, औद्योगिक, पथदीप असे वेगवेगळे युनिट मागा, पण सब-डिव्हिजनची हद्द आणि पालिकेची हद्द एकच असेल असं धरू नका, शेजारच्या पंचायतीचे युनिट वेगळे काढायला सांगा. पेट्रोल-डिझेलचा विक्रीचा आकडा मिळाला तरी त्यातलं अर्धंअधिक कदाचित टुरिस्टच्या रेंटच्या गाड्यांत जाऊन हद्दीबाहेर जळत असेल, तेव्हा विक्रीवरून काढलंय की गाड्या मोजून काढलंय हे स्पष्ट लिहा आणि दरवर्षी तीच पद्धत ठेवा, नाहीतर तुलना होणारच नाही. पोदेरच्या (पाववाल्याच्या) भट्टीत लाकूड जळतं त्याचा सीओटू जीपीसीप्रमाणे वेगळ्या रकान्यात जातो, एकूण बेरजेत नाही. कोणी माहिती देत नसेल तर आरटीआय आहे, १० रुपये फी आणि ३० दिवस.

बेस इयर, म्हणजे ज्या वर्षाशी पुढची वर्षं ताडून बघायची ते, निवडताना २०२० आणि २०२१ टाळा. तेव्हा हॉटेलं बंद, रस्ते रिकामे, तो आकडा धरला तर पुढचं प्रत्येक वर्ष वाईटच दिसेल.

कचऱ्यावर मात्र थांबून बोलायला हवं कारण पालिकेच्या हातात खऱ्या अर्थाने जे आहे ते हेच. ओला कचरा ढिगात दाबला की आत हवा पोचत नाही आणि मिथेन तयार होतो, शंभर वर्षांच्या हिशेबात सीओटूच्या साधारण २८ पट तापवणारा. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारानंतर संध्याकाळी एकदा उभे राहून बघा, केळीची पानं, कोबीचे पाले, शहाळ्यांची टरफलं, मासळीकडचं पाणी आणि खवलं, सगळं एकाच ढिगात, वर प्लास्टिकच्या पिशव्या. ते वेगळं करायची जागा तिथेच, ढीग व्हायच्या आधी, कारण एकदा मिसळलं की कोणाच्या बापाला वेगळं करता येत नाही. आम्ही बिल्डिंगमध्ये आठवडाभर ताणकाट्याला बादली अडकवून ओला कचरा तोलला, रोज सकाळी, आणि वहीत तारीख घालून लिहिला. पहिल्या दोन दिवशी लोक हसले, तिसऱ्या दिवसापासून शेजारच्या काकी स्वतःच बादली घेऊन यायला लागल्या आणि काल किती भरला ते विचारायला लागल्या. तुमच्या वॉर्डात असा एक आठवडा पावसाळ्यात आणि एक उन्हाळ्यात तोला, ओल्यामुळे वजन बदलतं. पणजीत १६ प्रकारे कचरा वेगळा करायची पद्धत आहे, सगळीकडे १६ नको, पण ओला, सुका आणि सॅनिटरी एवढं तरी दारातच झालं पाहिजे.

मग प्लॅन. प्रत्येक कामापुढे तीन गोष्टी लिहा: वर्षाला किती टन सीओटू वाचणार, कोण करणार, पैसे बजेटच्या कुठल्या हेडमधून. समजा पालिकेच्या छपरावर १० किलोवॅट सोलर, सरासरी दिवसाला किलोवॅटमागे ४ युनिट, म्हणजे वर्षाला १४,६०० युनिट, जवळपास १० टन. जून ते सप्टेंबर ही सरासरी मिळत नाही, तेव्हा मे महिन्याच्या बिलावर खूश होऊन वर्षाचा आकडा लिहू नका. घरांसाठी केंद्राच्या पीएम सूर्यघर या सोलर योजनेत ३ किलोवॅट आणि वर ७८ हजारांपर्यंत सबसिडी आहे, पालिकेने घरपट्टीच्या काउंटरवर फॉर्म भरून द्यायला एक माणूस बसवला तरी खूप होईल. ऑफिसातला एसी २४ वर, दर डिग्रीमागे साधारण ६ टक्के वीज वाचते असं बीईई (केंद्राचा ऊर्जा बचतीचा ब्यूरो) सांगतं, हे तर उद्यापासून. बसचं काम कदंब या सरकारी बस महामंडळाशी बोलून, कारण लोकांना वेळेवर बस मिळाली तरच स्कूटर घरी राहते. खाजन (खाडीकाठची बांध घातलेली सखल शेतजमीन) आणि खारफुटी बुजवायला परवानगी न देणं हेसुद्धा प्लॅनमध्ये लिहा, चिखलात साठलेला कार्बन एकदा उघडा पडला की परत भरायला पिढ्या जातात.

टार्गेट टप्प्याटप्प्याने ठेवा. मुंबईने २०१९ च्या तुलनेत २०३० पर्यंत ३० टक्के, २०४० पर्यंत ४४ टक्के आणि २०५० ला नेट झिरो (जेवढा कार्बन सोडायचा तेवढाच शोषला जाईल) असं ठेवलंय, देशाचं २०७० आहे. नुसतं २०५० लिहिलं तर आजच्या नगरसेवकाला कोणी जाब विचारू शकत नाही, म्हणून त्याच्या स्वतःच्या पाच वर्षांतला आकडा मागा.

आणि वेळ सांभाळा, नवं आर्थिक वर्ष एप्रिलला सुरू होतं, बजेट त्याआधी ठरतं, तेव्हा तुमचा कागद डिसेंबरच्या आत चीफ ऑफिसरच्या टेबलावर पोचवा, इनवर्डचा शिक्का मारलेली कॉपी स्वतःकडे ठेवा, आणि बजेटच्या मीटिंगला ती कॉपी घेऊन गॅलरीत जाऊन बसा.