गरोदरपणातील यकृताचे आजार: कारण कसे ओळखावे, उपचार कसे करावेत

गरोदरपणात यकृताच्या तपासणीचा अहवाल वाचताना हे लक्षात ठेवावे, की अल्कलाइन फॉस्फटेज हे विकर (एन्झाइम) वारेतूनही तयार होत असल्याने शेवटच्या महिन्यांत ते वाढलेले दिसणे स्वाभाविक असते. यकृताच्या पेशींना इजा झाल्यास रक्तात वाढणारी एएलटी व एएसटी ही विकरे किंवा काविळीत वाढणारे बिलिरुबिन हे पिवळे रंगद्रव्य वाढलेले असेल, तर मात्र कारण शोधलेच पाहिजे.

त्यासाठी कितवा महिना चालू आहे, हे आधी पाहावे. सुरुवातीच्या महिन्यांत अतिवांत्यांमुळे एएलटी वाढू शकते आणि उलट्या आटोक्यात आल्या की ती पूर्ववत होते. विषाणूजन्य कावीळ कोणत्याही महिन्यात होऊ शकते. त्यांपैकी दूषित पाण्यातून पसरणारा हिपॅटायटिस ई शेवटच्या तिमाहीत जीवघेणा ठरू शकतो, म्हणून पाण्याच्या शुद्धतेबाबत खात्री नसेल तेथे ते उकळूनच प्यावे. हिपॅटायटिस बीची तपासणी पहिल्याच भेटीत करून घ्यावी. आईला हा संसर्ग असल्यास बाळाला जन्मानंतर १२ तासांच्या आत लस आणि इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन) द्यावे; त्यानंतर स्तनपान करण्यास हरकत नसते.

सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते खाजेकडे. सहाव्या-सातव्या महिन्यानंतर तळहात व तळपायांना रात्री वाढणारी खाज सुटत असेल आणि अंगावर पुरळ नसेल, तर त्वचा ताणल्याची खाज समजून केवळ मलम लावत राहू नये, कारण पित्ताचा प्रवाह मंदावल्याचे ते लक्षण असू शकते. अशा वेळी रक्तातील पित्ताम्लांची तपासणी मागून घ्यावी, आणि ती सामान्य आली तरी खाज थांबत नसल्यास पुन्हा करावी. अर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिड या औषधाने काहींची खाज कमी होते, परंतु पित्ताम्ले १०० मायक्रोमोल प्रतिलिटर किंवा त्याहून अधिक झाल्यास पोटातच बाळ दगावण्याचा धोका वाढत असल्याने प्रसूती साधारण ३६व्या आठवड्याच्या सुमारास करण्याचा विचार केला जातो.

उजव्या बरगडीखाली दुखणे, तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, सतत उलट्या, अतिशय तहान किंवा गुंगी यांपैकी काहीही जाणवल्यास दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता रुग्णालयात जावे. रक्तदाब वाढलेला नसला तरीही. प्लेटलेट (रक्त गोठण्यास मदत करणाऱ्या पेशी) घटवणारा हेल्प सिंड्रोम आणि यकृतात अचानक चरबी साठण्याचा आजार तासांगणिक बिघडू शकतो. आईची प्रकृती स्थिर करून लवकर प्रसूती करणे, हाच त्यांवरील मुख्य उपचार असतो.

प्रसूतीनंतरही काही आठवड्यांनी यकृताची तपासणी पुन्हा करावी. पित्तप्रवाह मंदावण्याचा त्रास पुढच्या गरोदरपणात अनेकदा परत होतो, तेव्हा पहिल्याच भेटीत डॉक्टरांना त्याची माहिती द्यावी.