केराटोकोनसची शस्त्रक्रिया: कोणती, केव्हा आणि कशी

केराटोकोनसमध्ये डोळ्याच्या पुढचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, पातळ होतो आणि शंकूसारखा पुढे येतो. चश्म्याचा नंबर सारखा बदलतो, सिलिंडरचा नंबर वाढत जातो आणि रात्री एका दिव्याचे तीन-चार दिवे दिसू लागतात. बहुतेकांना हे वयात येताना सुरू होतं आणि तिशी-चाळिशीपर्यंत वाढत राहू शकतं. शस्त्रक्रियेची इथे दोन वेगळी कामं आहेत: आजार आहे तिथे रोखणं आणि दृष्टी सुधारणं. क्रॉस-लिंकिंग, म्हणजे वाढ रोखणारा उपचार, करून चष्मा सुटेल असं समजून आलेला रुग्ण हमखास निराश होतो. म्हणून आधी रोखायचं, मग सुधारायचं, हा क्रम धरून चाला.

आधी मोजमाप

निर्णय कॉर्नियाच्या नकाशावर ठरतो, म्हणजे टोपोग्राफीवर किंवा पेंटाकॅमसारख्या यंत्राच्या तपासणीवर. त्यात दोन आकडे बघायचे. पहिला के-मॅक्स, म्हणजे शंकूची सर्वांत तीव्र वक्रता. निरोगी कॉर्नियाची वक्रता साधारण 43-44 डायॉप्टर असते. दुसरा आकडा सर्वांत पातळ जागेच्या जाडीचा. निरोगी कॉर्निया मध्यभागी सुमारे 540 मायक्रॉन जाड असतो.

तपासणीआधी कॉन्टॅक्ट लेन्स बंद ठेवाव्याच लागतात: मऊ लेन्स निदान एक आठवडा, कडक लेन्स दोन-तीन आठवडे. लेन्सने दाबलेला कॉर्निया खोटा सपाट दिसतो आणि वाढणारा आजार 'स्थिर' ठरतो. ही चूक फार सहज होते. पुढच्या तपासण्याही शक्यतो त्याच यंत्रावर करा, कारण दोन यंत्रांचे आकडे एकमेकांशी तंतोतंत जुळत नाहीत. वर्षभरात के-मॅक्स 1 डायॉप्टर किंवा त्याहून जास्त वाढला तर आजार पुढे सरकतोय असं सर्वसाधारणपणे धरतात. लहान मुलांत तो झपाट्याने वाढतो, म्हणून अनेक सर्जन त्यांच्यासाठी वर्षभर वाट पाहत नाहीत.

आणि डोळे चोळणं आजपासून बंद. खाज ॲलर्जीची असेल तर तिचे थेंब आधी सुरू करा. चोळण्याची सवय राहिली तर चांगली झालेली शस्त्रक्रियाही वाया जाऊ शकते.

क्रॉस-लिंकिंग: वाढ रोखण्यासाठी

कॉर्निया कोलॅजेनच्या तंतूंचा बनलेला असतो. रायबोफ्लेविन, म्हणजे बी-2 जीवनसत्त्व, त्यात मुरवून अतिनील प्रकाश दिला की तंतूंमध्ये नवे बंध तयार होतात आणि कॉर्निया ताठ होतो. मूळ पद्धतीला 'ड्रेस्डेन' पद्धत म्हणतात. रुग्णांवरचे तिचे पहिले निष्कर्ष 2003 साली प्रसिद्ध झाले.

टेबलावर घडतं ते असं. भुलीचे थेंब टाकून कॉर्नियाच्या मधल्या 8-9 मिलिमीटर भागावरची वरची साल, म्हणजे एपिथेलियम, हलकेच खरवडून काढतात, कारण ती असेपर्यंत रायबोफ्लेविन आत नीट मुरत नाही. मग 0.1 टक्के रायबोफ्लेविनचे पिवळे थेंब दर दोन ते पाच मिनिटांनी, अर्धा तास. स्लिट लॅम्पवर, म्हणजे डोळा मोठा करून दाखवणाऱ्या यंत्रावर, डोळ्याच्या पुढच्या कप्प्यातलं पाणी पिवळसर दिसलं की औषध पुरतं उतरलं. मग जाडी पुन्हा मोजायची. ती 400 मायक्रॉनच्या खाली असेल तर नेहमीच्या पद्धतीने दिवा लावायचा नाही, कारण किरण सर्वांत आतल्या एंडोथेलियमपर्यंत पोचतात आणि तिथल्या पेशी मेल्या तर परत येत नाहीत. अशा वेळी कॉर्निया फुगवणारं कमी सांद्रतेचं द्रावण वापरतात किंवा वरून रायबोफ्लेविनमध्ये भिजवलेली कॉन्टॅक्ट लेन्स ठेवतात. जाडी पुरेशी असेल तर सुमारे 370 नॅनोमीटरचा प्रकाश दर चौरस सेंटिमीटरला 3 मिलिवॅट या तीव्रतेने 30 मिनिटं देतात. वेगवान पद्धतीत 9 मिलिवॅट, 10 मिनिटं. एकूण ऊर्जा दोन्हींत सारखीच, 5.4 ज्यूल.

शेवटी पट्टीसारखी मऊ लेन्स बसवतात. साल भरून येईपर्यंत, साधारण चार-पाच दिवस, ती राहते. पहिले दोन-तीन दिवस डोळा चांगलाच दुखतो, पाणी येतं, उजेड सहन होत नाही. ते अपेक्षित आहे. पण कमी होत आलेलं दुखणं पुन्हा वाढलं किंवा कॉर्नियावर पांढरा ठिपका दिसला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. तो जंतुसंसर्ग असू शकतो. दुखतंय म्हणून भुलीचे थेंब घरी टाकू नका. त्याने साल भरत नाही आणि कॉर्निया विरघळूही शकतो. डोळ्यात नळाचं पाणी जाऊ देऊ नका.

पहिल्या महिन्यात नजर आधीपेक्षा वाईट वाटते आणि के-मॅक्सही थोडा वाढलेला दिसतो. इथे घाबरून लगेच नवा चष्मा करू नका. साधारण तीन महिन्यांनी आकडे खाली येऊ लागतात, कॉर्नियावरची धूसर छटा हळूहळू विरते. यश म्हणजे के-मॅक्स जागेवर राहणं. काहींत तो एक-दोन डायॉप्टरने उतरतो, हा वरचा फायदा. गरोदरपणात क्रॉस-लिंकिंग टाळतात. डोळ्यात पूर्वी हर्पीस झाला असेल तर आधीच सांगा, कारण अतिनील प्रकाशाने तो पुन्हा उफाळू शकतो.

आकार सुधारण्यासाठी

वाढ थांबल्यावर पहिला पर्याय कडक किंवा स्क्लेरल (डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकणाऱ्या मोठ्या) लेन्सचा. शस्त्रक्रिया नसली तरी बऱ्याच डोळ्यांना ती सर्वांत स्पष्ट नजर देते. ती घालून पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

लेन्स सहन होत नसेल आणि मध्यभाग स्वच्छ असेल तर कॉर्नियात प्लॅस्टिकच्या अर्धगोल रिंगा बसवता येतात. फेम्टोसेकंद लेसरने जाडीच्या 70-80 टक्के खोलीवर बोगदा करून रिंग सरकवतात. शंकू सपाट होतो, वेडावाकडा आकार सुधारतो. बोगदा उथळ झाला तर रिंग वर येऊन उघडी पडते. गरज पडली तर ती काढता येते. काही केंद्रांत प्लॅस्टिकऐवजी दात्याच्या कॉर्नियाचे तुकडे वापरतात.

स्थिर डोळ्यात नंबर मोठा उरला तर बुबुळामागे टोरिक, म्हणजे सिलिंडरचा नंबरही भरून काढणारी, लेन्स बसवता येते. टोपोग्राफीवर आधारित लेसर आणि क्रॉस-लिंकिंग एकत्र करतात, पण त्यात कमाल 50 मायक्रॉनच्या आसपासच घासतात. लॅसिक मात्र अजिबात नाही. आधीच कमजोर कॉर्निया त्याने आणखी कमजोर होतो.

रोपण

मध्यभागी व्रण असेल किंवा कोणतीच लेन्स बसत नसेल तर कॉर्निया बदलावा लागतो. आतला डेसमेट पडदा शाबूत असेल तर 'डाल्क', म्हणजे फक्त वरच्या थरांचं रोपण, करावं. यात सुमारे 8 मिलिमीटरच्या गोल पात्याने कॉर्निया अर्ध्याहून जास्त खोल कापतात, सुई आत सरकवून हवा भरतात, आणि जमलं तर काठ रेखीव असलेली पांढरी चकती एकदम उमटते. तो हवेचा बुडबुडा डेसमेट पडद्याला सुटं करतो. वरचा थर काढून तिथे दात्याचा थर शिवतात. स्वतःचा एंडोथेलियम राहत असल्याने तो नाकारला जाण्याची भीती उरत नाही. पडदा फाटला, किंवा पूर्वी हायड्रॉप्स होऊन (कॉर्नियात अचानक पाणी शिरून) फाटलेला असेल, तर बहुधा पूर्ण जाडीचं रोपण करावं लागतं.

10-0 नायलॉनचे केसाहून बारीक टाके वर्षभर किंवा जास्त राहतात. सिलिंडरचा नंबर बराच राहिला तर नकाशा पाहून काही टाके आधी काढतात. टाके निघेपर्यंत पक्का चष्मा देऊ नये. स्टिरॉइडच्या थेंबांनी डोळ्याचा दाब वाढतो, म्हणून तो नियमित मोजून घ्या. रोपणाआधीही हे लक्षात ठेवा: पातळ कॉर्नियावर यंत्र दाब खऱ्याहून कमी दाखवतं. लाली, उजेड न सोसणं, नजर धूसर होणं, दुखणं, यांपैकी एकही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका; शरीराने दात्याचा थर किंवा कॉर्निया नाकारायला सुरुवात केल्याचं वेळेत कळलं तर ते थेंबांनी बरेचदा परतवता येतं. काही वर्षांनीही डोळ्यात काहीतरी खुपल्यासारखं वाटलं तर बहुधा राहिलेला टाका तुटलेला असतो. त्याच्या टोकाभोवती जंतू जमतात, म्हणून तो त्याच दिवशी काढून घ्या.