उपवासकाळात मठवासींसारखं बायबल कसं वाचायचं

संत बेनेडिक्टच्या नियमाच्या (मठात कसं राहायचं ते सांगणाऱ्या सहाव्या शतकातल्या पुस्तकाच्या) ४८व्या अध्यायात लिहिलंय की उपवासकाळात, म्हणजे ईस्टरआधीच्या सुमारे चाळीस दिवसांत, प्रत्येक मठवासीला एकेक पुस्तक द्यायचं आणि त्याने ते सलग वाचायचं, मधलं गाळायचं नाही. आपण बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या २२व्या अध्यायापासून सुरू करू, राखेच्या बुधवारपासून (उपवासकाळाचा पहिला दिवस) रोज तीनच वचनं घेतली की ईस्टरला जवळपास बरोबर अम्माऊसच्या वाटेवर पोचतो, जिथं पुन्हा उठलेला येशू दोन शिष्यांना भेटतो. हळू, ओठ हलवून वाचा, आणि मोबाईल दुसऱ्या खोलीत (हो, बायबलचं ॲप असलं तरी!). एखादा शब्द अडला की तिथंच थांबायचं, गाय रवंथ करते तसा घोळवायचा, मग त्यावरच देवाशी बोलायचं, शेवटी नुसतं गप्प बसायचं. बाराव्या शतकातल्या गुइगो दुसरा या कार्थुसियन संघाच्या मठवासीने याच चार पायऱ्या सांगितल्यात. चौथी जमली नाही तर राहू द्या, ती जबरदस्तीने होत नाही.