झोन आला, पण कशाचा?

पहिला झोन दिसला तेव्हा मी प्लेट घेऊन मॅडमच्या केबिनकडे धावतच सुटले होते. स्टॅफिलोकॉकस जिवाणूंच्या दाट वाढीत कागदी डिस्कभोवती काहीच न उगवलेलं स्वच्छ वर्तुळ, म्हणजेच झोन, पट्टीने मोजलं तर १८ मिलिमीटर. मॅडमनी प्लेट उजेडाकडे धरली आणि एवढंच विचारलं, "नुसत्या इथाइल अॅसिटेटची डिस्क कुठाय?" ती मी लावलीच नव्हती. दुसऱ्या दिवशी लावली, तर तिच्याभोवतीही वर्तुळ! डिस्क नीट वाळू न देता ठेवल्याचा तो प्रताप होता. माझ्या एक्स्ट्रॅक्टने, म्हणजे मातीतल्या जिवाणूपासून काढलेल्या अर्काने, काही केलंच नव्हतं, जिवाणू मारले होते इथाइल अॅसिटेट या द्रावकाने.

एमएस्सी मायक्रो करून मातीतल्या जिवाणूंपासून नवी अँटिबायोटिक्स शोधण्याच्या या कामात येणाऱ्यांना मी हा किस्सा आधी सांगते. मातीतून आणलेल्या जिवाणूचा झोन मिळणं मुळीच अवघड नाही. तो कशामुळे आला हे ठरवण्यात खरी वर्षं जातात.

मातीपासूनच सुरुवात करू. नवखी मंडळी दूरची, अवघड जागा शोधतात. मीही लोणारला गेले होते. लोणार अभयारण्य आहे, त्यामुळे वनखात्याची परवानगी काढण्यातच बराच वेळ गेला. तिथल्या पाण्याचा पीएच १० च्या आसपास. मी मात्र माती आणून नेहमीच्या, पीएच ७ च्या मीडियावर, म्हणजे जिवाणूंच्या खाद्यावर, टाकली. जे उगवलं ते हॉस्टेलच्या मागच्या मातीतही मिळालं असतं. जागा वेगळी असेल तर मीडियाही त्या जागेसारखा हवा, ही साधी गोष्ट मला एका आख्ख्या हंगामाने शिकवली. उलट उदाहरणही आहे. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेलं लॅरिओसिडिन हे अँटिबायोटिक कॅनडातल्या हॅमिल्टन शहरातल्या एका घराच्या परसातल्या मातीतून मिळालं. मॅकमास्टर विद्यापीठातल्या गटाने त्या मातीतले जिवाणू सुमारे वर्षभर सावकाश वाढू दिले होते. आपण तिसऱ्या दिवशी प्लेटा निर्जंतुक करायला ऑटोक्लेव्हमध्ये टाकून मोकळे होतो.

आपल्याला हवे असतात ते बहुतेकदा अॅक्टिनोमायसिट्स, हा मातीतल्या जिवाणूंचा एक गट, त्यातही स्ट्रेप्टोमायसिस. माती कागदावर पसरून आठवडाभर सावलीत वाळवा. त्यांचे बीजाणू टिकतात, भराभर वाढणारे बरेच इतर जिवाणू मरतात. मग स्टार्च केसीन अगार, २८ अंश तापमान आणि निदान १४ दिवसांचा धीर. पावसाळ्यात बुरशी छळते, म्हणून मीडियात निस्टॅटिन हे बुरशीनाशक घालतात. निस्टॅटिनही मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिसचंच. एलिझाबेथ हेझन आणि रेचेल ब्राऊन या दोघींनी ते १९५० मध्ये जगापुढे आणलं आणि न्यूयॉर्क स्टेटवरून त्याचं नाव ठेवलं. नावांवरून आठवलं, आपल्या पिंपरीचं नावही या विज्ञानात कोरलेलं आहे. हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये थिरुमलाचार यांच्या गटाने हॅमायसिन हे बुरशीनाशक शोधलं, ते ज्या जिवाणूपासून मिळालं त्याचं नाव स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. पुण्यात शिकूनही मला हे एमएस्सी होईपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं.

स्ट्रेप्टोमायसिसची वसाहत एकदा ओळखता आली की चुकत नाही. वरून खडूची पूड भुरभुरल्यासारखी, आणि लूपने उचलायला जावं तर अगारमध्ये घट्ट रुतलेली. इनक्युबेटर उघडला की पहिल्या पावसाचा वास येतो. तो जिओस्मिनचा. त्यासाठी प्लेट नाकाशी न्यायची गरज नाही आणि नेऊही नका.

आता एक गोष्ट ऐकाच. आयसोलेट, म्हणजे मातीतून वेगळा काढलेला जिवाणू, शुद्ध झाला की त्याच दिवशी त्याचे ग्लिसरॉल स्टॉक करा, उणे ८० अंशांत ठेवा, एक संच दुसऱ्या फ्रीजरमध्ये. माझा अकरावा आयसोलेट ई. कोलायवर झोन देत होता, आणि त्याच्यासारख्या ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूंवर काही चालणं म्हणजे लॉटरीच, कारण त्यांचं बाहेरचं आवरण बहुतेक रेणूंना आत शिरूच देत नाही. मी हरखून त्याची सब-कल्चर करत, म्हणजे नव्या प्लेटवर पुन्हा पुन्हा वाढवत, राहिले. चौथ्या वेळी झोन बारीक झाला, सहाव्या वेळी गायब. स्ट्रेप्टोमायसिस प्रयोगशाळेत लाडावले की अँटिबायोटिक बनवणं सोडून देतात, हे पुस्तकात वाचलं होतं. मूळ स्टॉक नव्हता. त्या मातीतून तो पुन्हा कधीच मिळाला नाही.

झोनच्या आकारावरूनही भुलू नका. मोठा झोन म्हणजे जोरदार औषध असं नसतं. लहान रेणू अगारमध्ये लांब पसरतो, मोठा जागीच अडकतो. व्हँकोमायसिनसारखं जबरदस्त औषध, पण डिस्कभोवती त्याचा झोन बेताचाच दिसतो. म्हणून खरा आकडा एमआयसीचा, म्हणजे वाढ थांबवायला लागणाऱ्या किमान मात्रेचा. ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये म्यूलर-हिंटन ब्रॉथ घेऊन मात्रा निम्मी-निम्मी करत जायचं. सोबत माहीत असलेलं अँटिबायोटिक, नुसतं द्रावक आणि नुसता मीडिया हे तिन्ही कंट्रोल हवेतच. कच्चा एक्स्ट्रॅक्ट चहाच्या चोथ्यासारखा दिसला म्हणून खट्टू होऊ नका. बोर्निओच्या मातीतून आलेलं व्हँकोमायसिन सुरुवातीला इतकं तपकिरी आणि गढूळ होतं की त्याला 'मिसिसिपीचा चिखल' म्हणायचे. १९५८ मध्ये तेच औषध म्हणून मंजूर झालं.

आणि आता के-४१. हा माझा एक्केचाळिसावा आयसोलेट. मीडिया केशरी-पिवळा करायचा, स्टॅफिलोकॉकसवर झोन असा की पुढे मोजायला प्लेट अपुरी पडावी. द्रावकाचा कंट्रोल स्वच्छ होता, आता मी शहाणी झाले होते. सात दिवस शेकरवर वाढवायचं, इथाइल अॅसिटेटने काढायचं, रोटाव्हॅपवर सुकवायचं, कॉलमवर वेगळं करायचं, असे आठ महिने गेले. शेवटी रेणूंचं वस्तुमान मोजणाऱ्या एलसी-एमएसवर नमुना द्यायला पैसे आणि नंबर मिळाला. वस्तुमान आलं १२५५. मास स्पेक्ट्रोमीटरवर बसणाऱ्या दादांनी स्क्रीनकडे पाहूनच सांगितलं, "अॅक्टिनोमायसिन आहे गं."

अॅक्टिनोमायसिन वॅक्समन आणि वुड्रफ यांनी १९४० मध्येच शोधलेलं होतं. संसर्गावर द्यायला फार विषारी, पुढे ते कर्करोगावर वापरात आलं. केशरी रंग, स्टॅफिलोकॉकसवर प्रचंड झोन, ही त्याची ओळख जुनी माणसं लांबूनही पटवतात. माझे आठ महिने शोध आधीच लागलेली गोष्ट पुन्हा शोधण्यात गेले. या धंद्यात तोच मोठा खर्च आहे. १९४०-५० च्या दशकांत प्रत्येक मूठभर माती नवं काही द्यायची. आता सहज उगवणाऱ्या स्ट्रेप्टोमायसिसमधून बहुतेक तीच ती जुनी मंडळी भेटतात. त्यामुळे आधी शुद्ध करू मग बघू, हा क्रम उलटा करा. कच्च्या एक्स्ट्रॅक्टचंच एलसी-एमएस आधी करून घ्या, वस्तुमान आणि यूव्ही प्रकाशाचं शोषण जुन्या नोंदींशी ताडून पाहा. जीनोम वाचून घेणं परवडत असेल तर अँटिस्मॅश या संगणकीय साधनावर टाका. जिवाणू काय काय बनवू शकतो त्याची यादी मिळते, आणि त्यातलं बरंचसं तो आपल्या प्लेटवर बनवतच नाही हेही कळतं. नवं काही असलंच तर बहुधा त्या न बोलणाऱ्या जनुकांत, नाहीतर प्लेटवर न उगवणाऱ्या जिवाणूंत. २०१५ चं टिक्सोबॅक्टिन हे अँटिबायोटिक असंच सापडलं. जिवाणूंना आयचिप नावाच्या बारीक छिद्रांच्या साच्यात घालून मातीतच वाढवलं होतं.

विषारीपणाची तपासणीही लवकर उरकावी. रक्तपेशी फोडतंय का एवढं पाहिलं तरी निम्मे उमेदवार गळतात. साबणही जिवाणू मारतो, ते काही औषध नव्हे.

कागदपत्रांचं थोडक्यात. २००२ चा जैवविविधता कायदा वाचून ठेवा. आयसोलेट परदेशातल्या सहकाऱ्याला पाठवण्याआधी किंवा पेटंटचं नाव काढण्याआधी गाईडला विचारा, नाहीतर पुढे काम अडकतं. जेआरएफ, म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती, २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आहे, पण ती वेळेवर येईल असं धरून घरभाडं ठरवू नका. त्यासाठीची नेट परीक्षा निघाली नाही तरी मार्ग बंद होत नाही. फर्मेंटेशन आणि औषध कंपन्यांच्या क्यूसीमध्ये, म्हणजे गुणवत्ता तपासणीत, एमआयसी नीट करता येणारी माणसं हवीच असतात. तिथे पगारही वेळेवर मिळतो, हे मी जरा हेव्यानेच लिहितेय.

के-४१ अजून फ्रीजरमध्ये आहे. नवीन मुलं आली की पॉझिटिव्ह कंट्रोल म्हणून तोच देते, कारण तो कधी दगा देत नाही. परवा त्यांच्यातलीच एक माझ्याकडे प्लेट घेऊन धावत आली. तिच्या स्वतःच्या आयसोलेटचा झोन होता, चांगला मोठा. मी प्लेट उजेडाकडे धरली. माझा प्रश्न तिला माहीत असावा. मी तोंड उघडण्याआधीच तिने पाठीमागे धरलेली दुसरी प्लेट पुढे केली. नुसत्या द्रावकाची डिस्क, आणि भोवती एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत दाट, सलग वाढ.

"केशरी दिसतंय का मीडियात?" मी विचारलं.

"थोडंसं," ती म्हणाली. आम्ही एलसी-एमएसच्या रजिस्टरमध्ये नाव लिहायला गेलो.