लक्ष पावलांवर ठेवलं, श्वास जुळला

धावताना माझा श्वास आणि पावलं यांचा मेळच बसत नव्हता. श्वासाकडे लक्ष दिलं की तो अडखळायचा, खांदे वर चढायचे, बरगडीखाली कळ यायची. बैठका मारताना उलट: लक्ष मोजण्यात गेलं की श्वास कोंडलेला.

लक्ष कुठे ठेवायचं ते बदललं आणि फरक पडला. श्वास आपोआप चालतो, पण हवा तेव्हा ताब्यातही घेता येतो. सतत पहारा ठेवला की त्याची सहज लय मोडते. आता मी पावलांचा आवाज ऐकते. दोन पावलांत श्वास घ्यायचा, दोन पावलांत सोडायचा. ब्रॅम्बल आणि कॅरियर या संशोधकांनी १९८३ साली दाखवलं होतं की चौखूर धावणारा घोडा प्रत्येक झेपेला एक श्वास घेतो, माणूस मात्र वेगवेगळी प्रमाणं वापरतो. ही मोकळीक मला फार मोलाची वाटते! चढावर दोनाचं प्रमाण झेपत नाही, तेव्हा ते खुशाल सोडून द्यावं.

बैठकांमध्ये एकाच क्षणी लक्ष देते, उठताना फुंकर मारल्यासारखा श्वास सोडायचा. आत घेण्याचं शरीर बघून घेतं.